नारायणची कुजबुज

नारायणला गुपित सांगायचं झालं की आधी तो माझा कान धरून जवळ ओढायचा. मग इतक्या जोरात कुजबुजायचा की वाशीमच्या बाजारातले बैलसुद्धा माना वळवून बघत. देवीत त्याचे डोळे गेले, दहाव्या वर्षी तापात कान गेले. आपला आवाज केवढा, हे त्याला कळणार कसं? "हळू बोललो ना बे?" असं वर विचारायचा. मी त्याच्या तळहातावर बोटानं 'हो' लिहायचो.

त्याचं सगळं शिक्षण असंच तळहातावर झालं. त्याच्या वडिलांचा भाजीचा मळा होता. तिथं बांधावर बसून मी धडे लिहायचो. जरा थांबलो की ओरडायचा, "लिव ना गड्या, कायले थांबला?" हात हातात घेतला की माणूस ओळखायचा, त्याच्या मनातलंही. "आज मार खाल्ला वाटते तुनं!"

मॅट्रिकला ड्रॉइंगमास्तर प्रश्न त्याच्या हातावर लिहीत, तो सांगेल ते उत्तर उतरवून घेत. त्याला वेगळी खोली दिली होती, पण उपयोग काय? शेजारच्या वर्गात बसून मी इतिहासात पास झालो तो त्याच्याच घशावर. खोटं कशाला सांगू?

पुढे कॉलेजात नाव घालायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. प्रिन्सिपॉलसाहेबांसाठी त्याच्या वडिलांनी टोपलीभर वांगी दिली होती. ऑफिसबाहेर सुटाबुटातली मुलं उभी. त्यांच्यात नारायण गरजला, "इचार ना बे, आंधळ्या-बहिऱ्याले घेते का म्हून!" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एकटाच आत गेलो, माझा अर्ज दिला, त्याचं नावही काढलं नाही. बाहेर येऊन त्याच्या हातावर लिहिलं, 'नाही म्हणाले.'

"बरं," एवढंच तो म्हणाला.

पंधरवड्यानं ड्रॉइंगमास्तरांना घेऊन तो पुन्हा गेला आणि त्याला प्रवेश मिळाला. मळ्यात पेढे वाटले. त्याच्या वडिलांनी झेंडूचा हार माझ्याच गळ्यात घातला. "यानंच वाट दाखोली माह्या पोराले!" मला वर बघवेना.

नारायणनं मला विहिरीपाशी नेलं. माझी बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली. "आवाज वाढला त दाब," म्हणाला. आणि जन्मात पहिल्यांदा, फक्त मलाच ऐकू येईल असं बोलला, "तू इचारलंच नोतं. तुया हातानं तवाच सांगतलं मले. बापाले सांगू नको, तुले लय मानते तो."

मला बोटं दाबावी लागली नाहीत.

"हळू बोललो ना बे?" त्यानं विचारलं. मी 'हो' लिहिलं. त्या दिवशी ते खरं होतं.