मुकादमांनी मांडलेली कुसळीची बाजू

बैठकीला निघायची वेळ झाली आणि मुकादमांची एकुलती एक चांगली पँट कुसळांनी भरलेली. घरामागच्या डोंगरउतारावरचं कुसळीचं गवत खणून तिथे भिंत बांधायची की नाही, हे आज ठरणार होतं. गवत गेलं की माती सुटणार आणि पहिली आपल्याच घरावर येणार, याबद्दल मुकादमांना तिळमात्र शंका नव्हती. आपले मुद्दे पक्के करायला ते सकाळीच उतारावर गेले, आणि दम लागला तसे गवतातच टेकले.

"अहो, दुसरी घाला की," बायको म्हणाली.

"दुसरी तू धुतलीस. दोरीवर टपकतेय. हिच्यावरच इस्त्री फिरव."

बायकोने पाणी शिंपडून कडक इस्त्री केली. "बघा, गेली सगळी."

गेली होती खरी, पण आत. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो आणि टोक पुढे सरकतं, हे मुकादमांना चांगलं ठाऊक होतं. आठवलं मात्र पँट चढवल्यावर.

कचेरीत साहेबांनी कोचाकडे बोट दाखवलं. "बसा."

"उभाच बरा आहे, साहेब."

"मुकादम, बसा म्हणतोय ना."

मुकादम बसले. एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे. भिंतीचा नकाशा घेऊन आलेला इंजिनीयर हसला. "काय मुकादम, गवताची वकिली जड जातेय वाटतं?"

"छे. तुम्हीच बसा इथं, मी उभ्यानं बोलतो."

इंजिनीयर ऐटीत बसला आणि बसला त्याहून लवकर उठला. "नकाशा उभ्यानंच नीट दाखवता येतो, साहेब."

"काय नाटक चाललंय तुमचं?" म्हणत साहेब स्वतःच कोचावर बसले.

मग खोलीत तिघेही उभे होते. साहेब हात मागे नेऊन एक कुसळ ओढत होते. ते अर्धं तुटलं, उरलेलं जागच्या जागी.

"हे कुठलं?"

"उतारावरचं, साहेब. तीच कुसळी."

"हे कापडातून निघेना, ते मातीतून काय निघणार? मग भिंत कशाला हवी?"

मुकादमांनी तोंड उघडलं. माती धरतात ती मुळं. दरसाल जुन्याच ठोंबातून नवं गवत फुटतं. कुसळ हे नुसतं बी, त्याचा मातीशी काय संबंध. वाटभर हेच घोकत ते आले होते. त्यांनी तोंड मिटलं.

"पण साहेब, शास्त्र असं सांगतं की..." इंजिनीयर म्हणाला.

"सांगा ना. बसून सांगा."

इंजिनीयरने कोचाकडे पाहिलं आणि भिंतीचा नकाशा गुंडाळला.