नॉटिंगहॅमच्या वाटेवरचे कॅसिनो

शनिवारी सकाळी अवधूत सरनाईक कॅसिनोत जायला निघाले, तेव्हा त्यांनी दोनदा दाढी केली होती आणि वर आफ्टरशेव्हही लावलं होतं. गाडी घेऊन दारात आलेल्या रघुवीरने नाक वर करून हुंगलं. मित्राचा इस्त्रीचा काळा शर्ट, काळी पँट आणि काळं जाकीट त्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तो गालातल्या गालात हसला.

“संक्रांतीचं काळं घातलंय,” अवधूतराव घाईघाईने म्हणाले. “तूही घातलंयस की!”

“मी घातलं ते वहिनींनी फोनवर बजावलं म्हणून. आज तुझ्या नातवाचं बोरन्हाण आहे, सगळ्यांनी काळ्यात यायचं. पण तू तर म्हणतोस, आपण चिप्ससाठी चाललोय.”

“चिप्ससाठीच चाललोय. नॉटिंगहॅम वाटेत लागतंय, म्हणून चहाला थांबायचं. एवढंच.”

अवधूतरावांनी जन्मात कधी जुगार खेळला नव्हता. विमानांचे पंख बनवणाऱ्या ब्रिस्टलच्या कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेल्या या सरळमार्गी माणसाला नाद लागला तो कॅसिनोतल्या चिप्सचा, म्हणजे टेबलावर पैशांऐवजी लावतात त्या रंगीत चकत्यांचा. गावोगावचे कॅसिनो गाठायचे, तिथली सगळ्यात स्वस्त चकती विकत घ्यायची, न खेळता बाहेर पडायचं आणि घरी येऊन ती अल्बममध्ये लावायची. पत्नी मधुमतीबाई या छंदाची यथेच्छ टिंगल करायच्या आणि प्रत्येक सहलीला हौसेने बरोबर जायच्या. अवधूतराव आत गेले की त्या गाडीत थर्मास उघडून बसायच्या, आणि ते बाहेर आले की चकती हातात घेऊन म्हणायच्या, “ही मागच्यापेक्षा बरी आहे हं.” मग तिला अल्बममध्ये जागा मिळायची.

मधुमतीबाई उन्हाळ्यात नॉटिंगहॅमला गेल्या. इंग्लंडातच वाढलेली आणि मोडकंतोडकं मराठी बोलणारी मुलगी तनिषा तिथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तिची रजा संपली आणि बाळाला बघायला कुणी हवं होतं. थोडे आठवडे म्हणून गेलेल्या बाई दिवाळीत आल्या नाहीत, नाताळात आल्या नाहीत. तेव्हापासून अल्बममध्ये एकही चकती चढली नव्हती. संध्याकाळी टीव्हीवरच्या क्विझची उत्तरं अवधूतराव मोठ्याने द्यायचे आणि ‘चूक!’ म्हणणारं घरात कुणी नसल्यामुळे ती सगळीच बरोबर ठरायची. बरोबर उत्तरांचा माणसाला इतका कंटाळा येऊ शकतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फोन रोज व्हायचा. बॉयलर, डब्यातली डाळ, कौन्सिलचे रिसायकलिंगचा कचरा उचलायचे दिवस, सगळं बोलून व्हायचं. फक्त ‘कधी येतेस?’ एवढं विचारायचं राहायचं. आजी नातवात रमली आहे, तिला बोलावणारे आपण कोण, असं त्यांना वाटायचं. शिवाय सरनाईकांच्या घराण्यात बायकोला ‘तुझी आठवण येते’ असं आजवर कुणी म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि ती सुरुवात आपण कशी करायची, हाही प्रश्न होताच.

“मला एक सांग,” मोटरवेला लागल्यावर रघुवीरने विचारलं. “कार्डिफ हाकेच्या अंतरावर आहे. ते सोडून बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, लेस्टर? हे सगळे कॅसिनो एका रांगेत नॉटिंगहॅमच्या दिशेनेच कसे उगवले?”

“योगायोग,” अवधूतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. त्यांच्या मांडीवर खणाचा एक बटवा होता. चकत्यांना ओरखडे पडू नयेत म्हणून तो त्यांनी बायकोच्या कपाटातून घेतला होता. कपाट उघडल्यावर ते तिथे उगाचच थोडा वेळ उभे राहिले होते, पण हे त्यांनी रघुवीरला सांगितलं नाही.

बर्मिंगहॅमच्या कॅसिनोत शिरल्या शिरल्या एका म्हाताऱ्या बाईंनी अवधूतरावांच्या बाहीला धरलं आणि एक कॉफी, दोन साखर, असं सांगितलं. आपण काळ्यात आहोत आणि इथले वेटरही नखशिखांत काळ्यातच आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. वयस्कर बाईंना नाही कसं म्हणायचं, म्हणून ते कॉफी कुठे मिळते ते शोधायला निघाले. तेवढ्यात एक घामाघूम सुपरवायझर समोर आली.

“यू आर लेट!” ती ओरडली.

चारला बोरन्हाण होतं आणि बारा इथेच वाजून गेले होते. “आय नो,” अवधूतराव कळवळून म्हणाले. “व्हेरी लेट!”

झालं. एजन्सीने दोन वेटर पाठवायचं कबूल केलं होतं आणि समोर काळ्यातले दोघे उशीर कबूल करत उभे होते. तिने दोघांच्याही हातात ट्रे दिले. अवधूतरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण कॉफीवाल्या बाईंच्या पलीकडे बसलेल्या गृहस्थांना आता चीज सँडविच हवं होतं.

“अरे रघ्या, सांग ना तिला!”

“कशाला? मला एकाने टिप दिली,” रघुवीर रुबाबात ट्रे पेलत म्हणाला. “बस कंपनीत तीस वर्षं काढली, कुणी साधं थँक्यू म्हणालं नाही.”

खरे वेटर उगवले तेव्हा कुठे सुटका झाली. सुपरवायझर लाजून लाल झाली. तिने माफी मागितली आणि भरपाई म्हणून आपल्या कॅसिनोच्या चार वेगवेगळ्या रंगांच्या चकत्या अवधूतरावांच्या हातावर ठेवल्या. एरवी ते हरखून गेले असते. आज त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं.

कॉव्हेंट्रीत ते जाकीट काढून, पळत आत गेले आणि पळत बाहेर आले. लेस्टरला पार्किंगच मिळेना. तिथे फोन वाजला.

“कुठवर आलात?” मधुमतीबाईंनी विचारलं.

‘तुझ्यासाठीच येतोय, जीव नुसता टांगणीला लागलाय,’ असं अवधूतरावांच्या मनात आलं. तोंडातून आलं ते असं, “लेस्टर. इथली एक घेतली की झालं.”

“हो, तुमच्या चकत्या आधी. आमचं काय, आम्ही इथेच आहोत,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“वहिनी काय म्हणाल्या?” रघुवीरने विचारलं.

“काही नाही. मजेत आहे ती,” अवधूतराव म्हणाले आणि शेवटी लेस्टरची चकती मिळाली तेव्हा ती त्यांनी न बघताच बटव्यात टाकली.

ते पोचले तेव्हा बोरन्हाण जेमतेम सुरू होत होतं. पाटावर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून छोटा वीर बसला होता. भोवती नर्सरीतली पोरं आणि त्यांचे आईबाप. दार मधुमतीबाईंनी उघडलं. काळ्या चंद्रकळेत त्यांना बघून अवधूतराव पायपुसण्यावर नुसते पाय पुसत राहिले.

“बॉयलरची सर्व्हिसिंग झाली,” ते म्हणाले.

“बरं झालं,” मधुमतीबाई म्हणाल्या. त्यांची नजर खणाच्या बटव्यावर गेली. “माझा ना हा?” असं म्हणून त्यांनी तो नवऱ्याच्या हातातून घेतला, जरासा खुळखुळवला आणि त्या आत निघून गेल्या.

आत निराळाच पेच पडला होता. बोरन्हाण म्हणजे बाळाला बोरं, ऊस, शेंगा, चुरमुरे यांनी न्हाऊ घालायचं आणि जे सांडेल ते जमलेल्या पोरांनी लुटायचं. पण तनिषाने सगळ्या ताटांवरून फिजिओथेरपिस्टची नजर फिरवली होती.

“आई, शेंगा नाही. नट अ‍ॅलर्जी. ऊस नाही, दात तुटेल. पॉपकॉर्न तर बिलकुल नाही, इट्स अ चोकिंग हॅझर्ड. बोरं मिळाला नाही म्हणून मी द्राक्ष आणला, पण तो चार तुकडे करून द्यायचा.”

“चिरलेली द्राक्षं ओतू बाळावर? कोशिंबीर करायची आहे का त्याची?” मधुमतीबाई कडाडल्या. “बोरं नाहीत, ऊस नाही, शेंगा नाहीत. नुसत्या हवेने घालू का न्हाऊ?”

त्यांनी चार चुरमुरे उधळले. पोरं आशेने बघत राहिली. कुणीतरी जांभई दिली. तेव्हा मधुमतीबाईंनी बटव्याची नाडी सोडली.

“अगं, थांब! ते—” अवधूतराव ओरडले.

चकत्या वीरच्या मांडीत खळाळत पडल्या. लाल, निळ्या, हिरव्या, सोनेरी काठांच्या. वीर आनंदाने किंचाळला. तनिषाने एक उचलून अंगठ्याने मापली, “हा मोठा आहे, सेफ आहे,” असं जाहीर केलं, आणि पोरं तुटून पडली. श्वास घेईपर्यंत बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री आणि लेस्टर वेगवेगळ्या खिशांत गडप झाली होती.

अवधूतराव गुडघ्यांवर बसून निधी नावाच्या चार वर्षांच्या मुलीशी वाटाघाटी करू लागले. तिने चकतीच्या बदल्यात त्यांचा चष्मा मागितला. ते चष्मा काढतही होते.

“अहो, उठा!” मधुमतीबाई वरून म्हणाल्या. “बोरन्हाणात लुटलेलं परत मागतात का कधी?”

हे मात्र खरं होतं. ते उठले.

रात्री राहणं भाग होतं, कारण रघुवीरने गुळाच्या पोळ्या अशा काही चेपल्या होत्या की त्याला स्टिअरिंगमागे बसता येत नव्हतं. जेवणानंतर तनिषाने बापाला स्वयंपाकघरात गाठलं.

“बाबा, तू आईला घरी का नाही बोलवते?”

“मी? अगं, वीरला कोण बघणार?”

“वीर नोव्हेंबरपासून नर्सरीत जातो! आईला मी किती वेळा सांगितला, जा म्हणून. ती म्हणते, बोलवल्याशिवाय कसा जाऊ? माणूस काय पार्सल आहे, आपलं आपण परत जायला?”

अवधूतरावांनी हातातली कपबशी खाली ठेवली. नोव्हेंबरपासून! म्हणजे तेव्हापासून फक्त त्यांच्या तोंडून निघणाऱ्या दोन शब्दांसाठी सगळं अडून बसलं होतं. ते तडक मधुमतीबाईंच्या खोलीपर्यंत गेले. त्या वीरचे हलव्याचे दागिने डब्यात भरत होत्या. अवधूतरावांनी घसा साफ केला.

“काय?” मधुमतीबाईंनी विचारलं.

“काही नाही. उशी हवी होती.”

त्यांनी उशी दिली. अवधूतराव ती पोटाशी धरून सोफ्यावर पडले आणि स्वतःला मनातल्या मनात नको नको ते बोलले. इतकं जवळ येऊन माणूस असा रिकाम्या हाताने परत जाणार, आणि त्याबद्दल त्याला दुसऱ्या कुणाला दोषही देता येणार नव्हता.

सकाळी रघुवीर काचेवरचा बर्फ खरवडत होता. अवधूतराव कोट चढवून दारात उभे राहिले. वीरचा पापा घेऊन झाला, तनिषाला जवळ घेऊन झालं.

“मग... निघतो,” ते म्हणाले.

“थांबा.” मधुमतीबाई बॅग घेऊन जिना उतरत होत्या. “मी येतेय.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? माझ्या हातून तुमचं नुकसान झालं. ते भरून द्यायला नको? सगळ्या गावांतल्या चकत्या परत गोळा करून, अल्बममध्ये लावून झाल्या की मग बघू.”

तनिषाने घाईने आईची बॅग डिकीत ठेवली आणि बाबांनी काही घोळ घालण्याआधी डिकी बंदही केली.

लेस्टरच्या कॅसिनोसमोर गाडी थांबवून रघुवीर म्हणाला, “तुम्ही बसा. चकती मी आणतो. आत ट्रेला माणूस हवा असेल तर थोडा वेळ लागेल.” आणि तो शीळ घालत गेला.

गाडीत दोघंच उरली. मधुमतीबाईंनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि नवऱ्याच्या हातात दिला. चहाच्या वाफेने अवधूतरावांचा चष्मा धुकटला. समोरचं काही दिसत नव्हतं आणि त्यामुळेच की काय, त्यांना धीर आला.

“मधू,” ते म्हणाले, “तू नसलीस की घर खायला उठतं. मला अजिबात करमत नाही. काल मी चकत्यांसाठी नव्हतो आलो, तुला न्यायला आलो होतो. आता परत जाऊ नकोस.”

मधुमतीबाईंनी पर्समधून रुमाल काढला, आधी नवऱ्याचा चष्मा पुसून दिला आणि मग स्वतःचे डोळे पुसले.

“हे काल दारातच म्हणाला असतात,” त्या म्हणाल्या, “तर तुमच्या चकत्या तरी वाचल्या असत्या.”