चारशे बारा हिरव्या खुणा

"वीस मिनिटं!" झटपटराव टेबलावर थाप मारून म्हणाले. "तीन आठवड्यांचं काम वीस मिनिटांत करून दाखवतो, साहेब. घड्याळ लावा!"

थाप अशी बसली की मोठ्या साहेबांच्या कपातला चहा बशीत आला.

झटपटराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते ऑफिसने ठेवलं होतं आणि कौतुकाने ठेवलंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माणूस मनाने वाईट नव्हता, पण थांबणं म्हणून जे काही असतं ते त्यांच्या अंगात नव्हतं. मायक्रोवेव्हमधला डबा ते चार सेकंद उरलेले असतानाच बाहेर ओढायचे आणि मग मधोमध गार राहिलेलं जेवण जेवत यंत्राला नावं ठेवायचे.

त्यांची कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर बनवायची. दार कधी उघडायचं, कुठे थांबायचं, मजला आला की काय बोलायचं, हे सगळं लिफ्टला शिकवणारं. आता असं सॉफ्टवेअर कुणी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत बसत नाही. जगभरातल्या भल्या माणसांनी आपला कोड लोकांना वापरायला मोकळा सोडलेला असतो, त्यालाच ओपन सोर्स म्हणतात, आणि त्यातले तुकडे जो तो उचलतो. पण मोकळा सोडला म्हणजे बेवारस नव्हे! प्रत्येक तुकड्याला त्याचं लायसन्स असतं. कुणी म्हणतो, माझं नाव खोडू नका. कुणी म्हणतो, माझ्या अटींचा कागद सोबत जोडा. आणि एखादा म्हणतो, माझा कोड तुमच्यात मिसळलात तर तुमचाही उघडा करून दाखवा. हा शेवटचा भेटला की कंपन्यांना घाम फुटतो.

या सगळ्या अटी वाचायचं काम गेली अकरा वर्षं वकीलबाई करत होत्या. खिडकीजवळचं त्यांचं टेबल, त्यावर तीन रंगांच्या पेन्सिली आणि उशीइतकी जाड वही. एकेक लायसन्स त्या शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायच्या. तीन आठवडे लागायचे. तेवढे दिवस झटपटराव त्यांच्या टेबलाभोवती येरझाऱ्या घालायचे आणि वकीलबाई मान वर न करता म्हणायच्या, "झटपटराव, उजेड अडवू नका."

म्हणून झटपटरावांनी स्कॅनर आणला होता. कोड त्याच्या पोटात टाकायचा, की तो आपणच शोधतो कुठला तुकडा कुणाचा आणि त्याची अट पाळली की नाही. पाळली तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली. झालं काम!

"आणि मग वकीलबाईंचं काय?" साहेबांनी बशीतला चहा कपात ओतत विचारलं.

"त्यांना खाली रेकॉर्ड रूममध्ये बसवू. निवांत जागा आहे."

रेकॉर्ड रूमला खिडकी नव्हती. साहेबांना हे ठाऊक होतं, झटपटरावांनाही होतं. पण कोपऱ्यातली काचेची केबिन रिकामी झाली होती. मंगळवारी नव्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई लिफ्टची चाचणी घेणार होत्या. त्यांनी पसंत केली तर हॉस्पिटलच्या अकराही लिफ्ट कंपनीकडे, आणि विभागप्रमुखाची ती केबिन झटपटरावांकडे, असं साहेबांनी तोंडाने कबूल केलेलं होतं. झटपटरावांनी त्याच संध्याकाळी टेप घेऊन केबिनच्या काचा मोजल्या आणि घरी जाऊन बायकोला पडदे शिवायला सांगितले.

"मापं नीट घेतलीत ना?" बायकोने विचारलं. "नेहमीसारखी घाई नाही ना केलीत?"

"तीनदा मोजलंय!" झटपटराव दुखावल्या आवाजात म्हणाले. आणि ते खरं होतं.

सोमवारी सकाळी स्कॅनर चालू झाला. सगळी मंडळी झटपटरावांच्या खुर्चीमागे जमली. अकराव्या मिनिटाला निकाल आला, आणि संगणकाचा पडदा लाल झाला! गोवर उठल्यासारखा. चारशे बारा तुकडे आणि चारशे बारा फुल्या.

"सगळ्यांचं एकच दुखणं आहे," वकीलबाई मागून चष्मा सावरत म्हणाल्या. "अटींचा कागद सोबत नाही. मी तो दरवेळी शेवटी एका यादीत जोडते. या यंत्राला तो प्रत्येक ठिकाणी हवाय."

"मग देऊ की!" झटपटरावांनी बोट दाखवलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गुबगुबीत बटण होतं: 'सगळं आपोआप दुरुस्त करा'.

"थांबा. कुठल्या कुठल्या फायलींवर चिकटवणार आहे, ते आधी बघू या."

"वकीलबाई, बघायचे दिवस गेले. आता यंत्र बघतं!"

आणि दाबलं. चारशे बारा फुल्या बघता बघता हिरव्या झाल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एकूण वेळ एकोणीस मिनिटं! वकीलबाई आपल्या टेबलाकडे गेल्या आणि पेन्सिली एकेक करून डबीत भरू लागल्या. झटपटरावांना क्षणभर वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. मग त्यांना पडदे आठवले.

"एकदा आपल्या लिफ्टवर चालवून बघायचं का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हिरवं आहे!"

मंगळवारी सकाळी दहा वाजता हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये पाच जण होते. डॉक्टरीणबाई, मोठे साहेब, झटपटराव, अटी पाळल्याच्या दाखल्यावर अजून सही त्यांचीच चालत होती म्हणून वकीलबाई, आणि चाकाच्या खुर्चीत एक पाय प्लास्टरमध्ये असलेले आजोबा. त्यांना पहिल्या मजल्यावर एक्स-रेला जायचं होतं, आणि खुर्ची स्वतःच ढकलत ते सर्वांच्या आधी आत शिरले होते.

"आमची मुख्य अडचण सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वयस्कर पेशंट भलत्याच मजल्यावर उतरतात."

"म्हणूनच आपलं दार मजल्याचं नाव पूर्ण बोलून झाल्याशिवाय उघडतच नाही!" झटपटराव उत्साहाने म्हणाले. "आणि नीट ऐकू आलं नाही तर बटण पुन्हा दाबायचं, ती पहिल्यापासून सांगते. ही कल्पना माझी. शिवाय मजकूर कुठल्याही भाषेत असो, लिफ्ट पेशंटच्या भाषेत करून वाचते."

लिफ्ट लोण्यासारखी वर गेली आणि पहिल्या मजल्यावर थांबली. घंटी वाजली. मग एक गोड, प्रेमळ आवाज आला.

"सर्व हक्क राखीव. हे आहे त्या स्थितीत देण्यात येत आहे. याची कोणत्याही प्रकारची हमी नाही."

पाचही माना आवाजाच्या जाळीकडे वळल्या.

"काय म्हणाली ही?" आजोबांनी विचारलं.

"हे कोणत्याही विशिष्ट कामासाठी योग्य असेल, याचीही हमी नाही," लिफ्ट म्हणाली.

साहेबांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. आणि झटपटरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! बोलायचा कोड बाहेरचा होता. मजल्यांच्या नावांच्या फायली कुठे ठेवायच्या असं टीमने विचारलं, तेव्हा 'टाका तिथेच, वेळ वाचेल' असं ते स्वतःच म्हणाले होते. म्हणजे त्या फायली त्या परक्या कोडच्याच फोल्डरमध्ये होत्या, आणि स्कॅनरने त्या फोल्डरमधल्या एकूणएक फाइलच्या डोक्यावर अटींचा अख्खा कागद चिकटवला होता. लिफ्ट बिचारी इमानाने वाचत होती.

"कोणत्याही नुकसानीस, मग ते थेट असो, अप्रत्यक्ष असो वा अपघाती..."

"अपघाती!" आजोबा ओरडले. "मला उतरवा!"

"...लेखक जबाबदार राहणार नाहीत."

"कोण आहे लेखक? पुढे या!"

सगळ्यांनी झटपटरावांकडे पाहिलं. झटपटरावांनी घाईघाईने पहिल्या मजल्याचं बटण दाबलं.

घंटी वाजली. "सर्व हक्क राखीव," लिफ्ट पहिल्यापासून म्हणाली.

"ही कल्पना तुमची, नाही का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

झटपटरावांनी पुन्हा दाबलं. "सर्व हक्क राखीव." त्यांनी लाल रंगाचं, संकटात दाबायचं बटण दाबलं. त्यावर 'घाबरू नका, मदत येत आहे' असं ऐकू यायला हवं होतं. ते आलंही असतं. पण ती फाइलही त्याच फोल्डरमध्ये!

"सर्व हक्क राखीव. हे आहे त्या स्थितीत देण्यात येत आहे..."

"मी एका पायाने आत आलो," आजोबा म्हणाले, "दुसराही इथेच ठेवून जाणार बहुतेक."

झटपटरावांनी परत पहिल्या मजल्याचं बटण दाबलं आणि लिफ्टने परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचं बोट पुन्हा बटणाकडे निघालं, तेवढ्यात त्या बोटावर पेन्सिलीचा एक फटका बसला.

"हात खाली," वकीलबाई म्हणाल्या. "आता कुणीही कशालाही हात लावायचा नाही. पूर्ण ऐकलं तरच दार उघडेल. साडेचार मिनिटं लागतील."

"तुम्हाला काय माहीत?" साहेबांनी विचारलं.

"अकरा वर्षं वाचतेय, साहेब. अजून हमीचा परिच्छेद, मग नुकसानीचा, मग लेखकांची नावं. ती जरा लांबतात." मग त्या आजोबांच्या खुर्चीजवळ वाकल्या. "आजोबा, हे लिफ्टबद्दल नाहीये. लिफ्ट चांगली भक्कम आहे. कुणीतरी आपल्या घरी बसून हा आवाजाचा कोड लिहिला, सगळ्या जगाला वाटून टाकला. तो एवढंच म्हणतोय, माझं नाव राहू द्या, आणि उद्या काही बिघडलं तर माझ्या दारात येऊ नका."

आजोबांनी विचार केला. "रास्त आहे. मी शेजाऱ्यांना सल्ला देतो तेव्हा मीही हेच सांगतो."

"नंतर ती म्हणेल, हा कागद प्रत्येक प्रतीसोबत जोडावा."

"हा कागद प्रत्येक प्रतीसोबत जोडावा," लिफ्ट म्हणाली.

आजोबा खूश झाले. पुढचं वाक्य काय येणार हे वकीलबाई आधी सांगायच्या, मग लिफ्ट म्हणायची, आणि आजोबा प्लास्टरवर ताल धरायचे. डॉक्टरीणबाईसुद्धा गालातल्या गालात हसत होत्या. एकटे झटपटराव कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते. साडेचार मिनिटं काहीही न दाबता उभं राहण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"पहिला मजला. एक्स-रे विभाग," लिफ्ट शेवटी म्हणाली, आणि दार उघडलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर साहेबांनी माफी मागायला तोंड उघडलं, तर डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "लिफ्ट छान चालते. बाकीचं उद्यापर्यंत काढून टाका. अकराही लिफ्ट तुम्हाला देते, पण एका अटीवर. लिफ्टमध्ये जे काही जाईल ते आधी या बाईंनी वाचलेलं पाहिजे. एकेक ओळ. आणि कामाचं सगळं मी यांच्याशीच बोलणार."

आता अकरा लिफ्टची मालकीण ज्या माणसाशी बोलणार, त्याला रेकॉर्ड रूममध्ये कसं बसवणार? साहेबांनी परत येताना गाडीतच निकाल देऊन टाकला. काचेची केबिन आणि विभागप्रमुखाची खुर्ची वकीलबाईंची.

घरी झटपटरावांनी सगळं सांगितलं. रागावेल, निदान हळहळेल तरी, असं त्यांना वाटलं होतं. बायको इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग डोळे पुसून ती कपाटाकडे गेली आणि घडी घातलेले पडदे काढून त्यांच्या हातात ठेवले.

"हे आपल्याकडे कशाला? त्या काचेच्या मापाचे शिवलेत. आपल्या घरात कुठे लागणार?"

दुसऱ्या दिवशी झटपटरावांनी स्वतः स्टुलावर चढून ते पडदे लावले. वकीलबाई खाली उभं राहून बघत होत्या. काम झाल्यावर त्यांनी ती उशीइतकी जाड वही आणि तीन पेन्सिली झटपटरावांच्या हातात दिल्या.

"स्कॅनर राहू दे," त्या म्हणाल्या. "तो शोधतो छान. वाचायला मात्र माणूस लागतो. चारशे बारा आहेत. खिडकीजवळचं टेबल तुमचं. सावकाश वाचा."

झटपटराव खिडकीजवळ जाऊन बसले, पहिलं लायसन्स उघडलं, आणि तिसऱ्या ओळीवर त्यांची नजर आपोआप केबिनकडे गेली. उभ्या आयुष्यात एकच काम त्यांनी तीनदा तपासून केलं होतं, आणि ते तिथे लटकत होतं. एका बोटाचाही फरक पडला नव्हता!