टेबलाखालची पाचर

रविवारी दुपारी मुकादम लेकीच्या संगणकावर मालगाडीचा खेळ खेळत होते. तीस वर्षं यार्डात खरे डबे उभे केलेल्या माणसाला हा डाव्या हातचा मळ, असं त्यांना वाटलं होतं. पण रुळावर उभे केलेले सहा डबे उतारावरून हळूच निघाले आणि पडद्यावर धुराचा लोट उठला.

“बाबा, हँडब्रेक लावला नाहीत!”

“लावला की! चाक फिरवून फिरवून हात दुखले.”

“इथे चाक नसतं. बटण दाबायचं.”

मुकादम गोंधळले. मग चाक फिरवलं ते कधी? आज सकाळी, की काल? यार्डातले सहा डबेही उतारावरच होते, आणि उताराच्या टोकाला फाटक. निवृत्तीला सव्वीस दिवस उरले होते.

“अगं, मी सकाळी ब्रेक लावले का?”

“मला काय विचारता? मी गार्ड आहे का?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

तेवढ्यात संगणकाच्या टेबलाच्या चाकाखाली त्यांना एक लाकडी पाचर दिसली. पिवळा पट्टा, म्हणजे यार्डातलीच! पाचर इथे, मग डब्याच्या चाकाखाली काय? त्यांनी ती उपसली आणि एक पाय चपलेत, एक बुटात घालून धूम ठोकली.

यार्डात सहाही डबे शहाण्यासारखे उभे होते. ब्रेक आवळलेले, पाचरी जागेवर, साखळीला कुलूप.

“मुकादम, सकाळी तीनदा तपासलंत की!” फाटकवाला हसला. “आणि ही चिरलेली पाचर परत कशाला आणलीत? मोडीत निघाल्यावर तुम्हीच मागून नेलीत ना? घरातली फरशी उताराची, टेबल पळतं म्हणून?”

मुकादमांनी पाचरीकडे पाहिलं. मग घराच्या दिशेने पाहिलं. मग पुन्हा धूम ठोकली.

टेबल बैठकीतून निघून, उंबरा नसलेल्या दारातून थेट स्वयंपाकघरात पोचलं होतं. एका बाजूने लेक संगणकाला मिठी मारून उभी, दुसऱ्या बाजूने बायको ओट्याला पाठ लावून.

“या,” बायको म्हणाली. “तुमची मालगाडी लागलीय धक्क्याला.”

टेबल ढकलत जागेवर नेऊन मुकादमांनी गुडघ्यावर बसून पाचर ठोकली, तीनदा हलवून पाहिली आणि ते घाम पुसत खुर्चीवर बसले.

“लावली?” आतून बायकोचा आवाज आला.

“लावली.”

“खरी, की खेळातली?”

मुकादम खुर्चीवरून उठले. मग पुन्हा टेबलाखाली वाकले.