अप्पांच्या गाडीचं एव्हरेज

विश्वनाथअप्पा माणसाची तब्येत विचारत नाहीत, गाडीचं एव्हरेज विचारतात. एकदा मयतीला गेले, तर स्मशानाच्या फाटकात शववाहिकेच्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन म्हणाले, "लिटरला किती देती?"

लातुरात त्यांचं भुसाराचं दुकान आहे. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा आणि दारात एक जुनी पेट्रोल गाडी. त्या गाडीत इंजिनापेक्षा बाकीचाच बाजार जास्त. पेट्रोलच्या नळीला दोन चुंबकं बांधलेली. हवेच्या पाइपात पत्र्याचा पंखा. तो स्वतः फिरत नाही आणि हवेलाही नीट जाऊ देत नाही. टाकीत टाकायच्या गोळ्या. आणि सिगारेट लायटरच्या भोकात लाल दिव्याची डबी. सगळं मोबाइलवरून मागवलेलं.

"सायन्स हाय, सायन्स!" अप्पा म्हणतात. "चुंबकानं पेट्रोलचे कण एका रांगेत उभे राहतात."

शाळेत प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे! मी आठवीत शाळा सोडली, पण तेवढ्या शिक्षणातही ही थाप पचत नाही. तोंडावर मात्र बोलायची सोय नव्हती. मी किनवटकडचा. इथं आलो तेव्हा अनोळखी पोराला कुणी खोली देईना. अप्पांनी दुकानामागची दिली, गॅरेजात माझ्यासाठी शब्द टाकला. अशा माणसाला "तुम्हाला फसवलंय" कसं म्हणायचं?

दर रविवारी कुठल्या ना कुठल्या यंत्राची टेस्ट. टाकी काठोकाठ भरायची आणि निघायचं. कुठं, विचारलं तर "लांब रोडला." सोमवारी सकाळी गॅरेजात हजर. "दीडनं वाढलं! इंजिन कसं गुणगुणलालंय बघ."

वाढणारच. एरवी अप्पा एसी लावून गाडी दामटतात. डबी लावली की एसी बंद, साठच्या वर काटा नाही, आणि पेडलवर पाय असा, जणू खाली कुणी झोपलंय. त्यात शनिवारी चाकांत बरोबर हवा मी भरलेली, एअर फिल्टर मी झटकलेला. नाव मात्र डबीचं.

एका सोमवारी त्यांनी गॅरेजात एका टॅक्सीवाल्याला धरलं. "घे बिनधास्त. विचार आमच्या मेकॅनिकला!" तो बिचारा तिथंच मोबाइल काढून डबी मागवायला लागला. मला राहवलं नाही. अप्पांच्या गाडीतली डबी उपसली आणि स्क्रू ड्रायव्हरनं फोडली. आत एक बारका दिवा आणि दोन वायरी.

"अप्पा, हिचा इंजिनाशी काय संबंध न्हाई. नुसती बत्ती हाय ही. असल्या डबीनं पेट्रोल वाचलं असतं तर कंपनीनं गाडीतच बसवून दिली नसती का?"

"अप्पा, नाइट लॅम्प घेतला की ओ!" टॅक्सीवाला खिदळला. सगळं गॅरेज हसलं. मीही हसलो.

अप्पांनी तुकडे रुमालात गोळा केले. "मग आता टेस्ट कशाची करायची?" एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आता खोली गेली! खोली गेली नाही. उलट अप्पांच्या घरून रोजच्यासारखी भाकरी आणि शेंगाची चटणी येत राहिली, ते जास्त लागलं. अप्पा कुणालाच एव्हरेज विचारेनात. तीन रविवार गाडी जागची हलली नाही.

चौथ्या रविवारी मला फोन आला. "दादा, मी अप्पांची लेक, सुनंदा. नांदेडहून बोलते. गाडीच्या काचेवर तुमच्या गॅरेजचा नंबर होता. गाडी लई बिघडली का? अप्पा टेस्टला आले न्हाईत."

"टेस्टला? तुमच्याकडं?"

"दुसरीकडं कुठं जातेत? लेक दिली त्या घरचं पाणी घेत न्हाईत ते. जुनी रीत. बिनकामाचं यायचं बी न्हाई. म्हणून गेटापुढं गाडी लावतेत, बॉनेट उघडतेत. इंजिन गार होईस्तोवर मी शेजारी उभी राहते. अर्धा तास बोलतो आम्ही. परवा फोनवर विचारलं, तर म्हणले, आता काम न्हाई तिकडं."

त्या दिवशी मी गावाकडं आईला फोन लावला. कारण काही नव्हतं.

मग एक रिकामी डबी शोधली. दोन वायरी, एक बारका दिवा. या खेपेला हिरवा. वायरींना कथलाचा डाग दिला. असलं थोतांड मी जन्मात बनवलं नव्हतं.

"अप्पा, नवीन हाय. पण ही जवळच्या रोडला चालत न्हाई."

"किती लांब लागतंय?"

"नांदेडइतकं."

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी डबीकडं बघत पुढं रेटलं, "आन तिथं पोचल्यावर बॉनेट उघडून गाडी चांगली तासभर गार करायची. घाई केली तर एव्हरेज येत न्हाई."

त्यांनी डबी उलटीपालटी करून पाहिली.

"सायन्स हाय का रे?"

"हाव अप्पा. सायन्स."

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली.