नानांना सांगायचं कसं

सत्यशीलेच्या पीएचडीची मुदत महिनाअखेरीला संपत होती आणि कोंबड्याच्या वृषणातल्या पेशी काही केल्या जगत नव्हत्या. त्या वेगळ्या काढायच्या, बशीत वाढवायच्या आणि त्यांनी सोडलेलं टेस्टोस्टेरॉन मोजायचं, एवढंच काम. त्यात सहा वर्षं गेली होती. नगरच्या दुकानांत सगळे दीड महिन्याचे ब्रॉयलर. मिसरूड न फुटलेल्या पोराकडे दाढीचे केस मागण्यातला तो प्रकार होता.

शेवटी नवरा म्हणाला, "घोडेगावात नानांचं दुकान हाय की. गावरान माल."

नाना म्हणजे सहादेव, तिचे चुलत सासरे. सल्ला चांगला होता, पण वृषण म्हटलं तर नानांना कळणार नव्हतं, आणि त्यांना कळेल तो शब्द सासऱ्यापुढे कोणती सून उच्चारेल?

दुकानाच्या पायरीवर उभी राहून, ओढणी सावरत ती म्हणाली, "नाना, आत पाठीच्या कण्याला चिकटून असतं बघा. पिवळसर."

"पथरी? पोटात दाणं दळती ती?"

"नाही. ज्याच्यानं पुढं पिल्लं होतात ते."

नाना खाली मान घालून सुरी पुसू लागले. "समजलं," ते म्हणाले.

तिने बर्फाचा डबा पुढे केला. त्यात गुलाबी द्रावणाची बाटली होती. "बारीक चिरून ह्याच्यात टाका आन् लगेच टेम्पोनं पाठवा."

शुक्रवारी डबा आला. द्रावण पिवळं झालं होतं. "नासू नये म्हनून हळद लावली," नाना फोनवर म्हणाले. पेशी अर्थातच मेल्या. सत्यशीला प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडली.

पुढच्या शुक्रवारी हळद नव्हती. पेशी जगल्या, बशीला चिकटल्या, भराभर वाढल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला जेवण गेलं. गाइड पंकजा मॅडमनी स्वतः पेढे आणले.

मग हार्मोनचा रिपोर्ट आला. मॅडम तो बराच वेळ वाचत राहिल्या.

"टेस्टोस्टेरॉन नावालाही नाही. इस्ट्रोजेन मात्र भरपूर." त्यांनी चष्मा काढला. "सत्यशीला, हे कोंबड्याचंच आहे ना गं?"

मुदतीला चार दिवस उरले होते. पेशी वाढायला आठ लागत. आता काही होणार नाही हे ठाऊक असूनही ती स्कूटीवरून तडक घोडेगावला गेली. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिने त्यांच्यादेखत, नानांच्या डोळ्यांत बघून, तो शब्द स्पष्ट उच्चारला आणि विचारलं, "तेच दिलं होतं का तुम्ही?"

एक गिऱ्हाईक उगाच रस्त्याकडे बघू लागलं. नानांनी सुरी खाली ठेवली. कानशिलं लाल झाली होती.

"म्या पयल्याच दिवशी वळखलं हुतं, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "पन सुनंच्या हातात ते कसं द्यायचं? म्हनून कोंबडीचं दिलं. त्याच्यानं बी पिल्लंच हुत्यात."