लोळूची आई चिखलाला जाते

एका जंगलात, बाळांनो, कपारींना फार भाव आला होता. ज्याला त्याला उंचावर राहायचं होतं. वर हवा चांगली येते म्हणे. त्यामुळे नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले प्राणी एकेक करून डोंगरावरच्या 'शिळा विहार'मध्ये राहायला गेले. मगरही जाणार होती, पण तिला चढण जमेना.

तिथे वरच्या अंगाला एका कपारीत रेवती नावाची रानडुकरीण राहायची. सोबत नवरा आणि एक पिल्लू. पिल्लाचं पाळण्यातलं नाव वराहमिहीर. पण एवढं लांब नाव घेऊन हाक मारेपर्यंत पिल्लू कपारीच्या कडेला पोचायचं. म्हणून घरात त्याला लोळू म्हणत.

नवरा उजाडताच कंद उकरायला जायचा, तो काजवे लागायच्या सुमाराला परत यायचा. मधल्या वेळात रेवती आणि लोळू. लोळू खायचा, सांडायचा, पुन्हा खायचा. रेवती पुसायची. कपारीत मातीचा कण नव्हता. नुसता गुळगुळीत दगड. पुसायला फार सोयीचा.

दिवसभरात तिचं जे काही बोलणं व्हायचं, ते असं: "हे काय आहे? हा दगड आहे. कोणाचा दगड? आपला दगड. दगड खायचा नाही."

एकदा रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला म्हणाली, "मोठ्ठा आ कर." त्याने केला. तिने घास भरवलासुद्धा.

त्या दिवशी रेवतीने ठरवलं, आता घराबाहेर पडलं पाहिजे.

शिळा विहारात आयांचा एक गट होता. गटाचे निरोप पोपट पोचवायचे. एका आईने पोपटाला काही सांगितलं, की तो कपारी-कपारीपुढे जाऊन ओरडायचा. मग प्रत्येक कपारीतून 'छान', 'खूपच छान', 'मस्त गं' अशी उत्तरं घेऊन तो पुन्हा सगळीकडे फिरायचा. खरा निरोप एखादाच असायचा. 'छान' पोचवता पोचवता पोपटांचे घसे बसत.

गटाची पुढारी मृण्मयी नावाची हरिणी होती. तिच्या पाडसाचं नाव ईशान. ईशान जन्मल्याबरोबर उभा राहिला होता. तशी सगळ्याच हरणांची पाडसं उभी राहतात. पण मृण्मयी ते अशा आवाजात सांगायची, की ऐकणारी आई आपल्या पिल्लाकडे बघून उसासा सोडायची.

एके सकाळी पोपट ओरडला, "रविवारी सहल. कोल्हे सरांचं केंद्र, 'माती माझी मैत्रीण'. मुलांना खऱ्याखुऱ्या चिखलाचा अनुभव. सर्वांगीण विकास. जागा थोड्या."

रेवतीची आजी जन्मभर चिखलात राहिली. तिथेच तिचं लग्न लागलं, तिथेच तिला मुलं झाली. त्याला कधी कुणी अनुभव म्हटलं नव्हतं. पण रेवतीने हा विचार केला नाही. "आम्ही दोघं येतो," तिने पोपटाला लगेच सांगून टाकलं. चिखलाचं तिला विशेष काही नव्हतं. तिला फक्त अशा कुणाशी तरी बोलायचं होतं, जिला दगड खाऊ नको म्हणून सांगावं लागत नाही.

रविवार आला. कंदांना रविवार नसतो, त्यामुळे नवरा कामावर गेला. रेवती तयारीला लागली. एका भोपळ्याच्या तुंब्यात कंदाची पेज. दुसऱ्या तुंब्यात पाणी. तोंड पुसायला केळीची पानं. ती पानं पुसायला आणखी पानं. ऊन लागलं तर पळसाची टोपी, गार वाटलं तर सावरीच्या कापसाचं पांघरूण. ती एक वस्तू झोळीत टाकायची, लोळू दोन बाहेर काढायचा.

शेवटी सगळं भरून, झोळी गळ्यात अडकवून ती दारात आली. आणि लोळूच्या चेहऱ्यावर ते भाव आले. कुठले भाव, हे तुमच्या आईला विचारा, ती सांगेल. रेवती झोळी काढून पुन्हा आत गेली. केळीची निम्मी पानं तिथेच संपली.

डोंगर उतरल्यावर बांबूच्या बेटापाशी एक डबकं होतं. काळंभोर, मऊ, वर दोन बेडूक. लोळू थबकला. मग त्याने सगळं अंग त्या दिशेला झोकून दिलं.

"आत्ता नको हं, राजा," रेवतीने त्याला शेपटीला धरून मागे ओढलं. "आपल्याला चिखलात जायचंय ना? मग आत्ता चिखलात जायचं नाही. अंग मळेल."

लोळूने यावर विचार केला. त्याला ते पटलं नाही. तो वाटेतच आडवा पडला आणि रडू लागला.

तेवढ्यात मागून जांबा अस्वलीण आली. ती खालच्या कपारीत राहायची. तिच्या पाठीवर जुळी पिल्लं होती, आणि ती एकमेकांचे कान चावत होती.

"काय झालं गं?" जांबाने विचारलं.

"त्याला चिखलात जायचंय."

"मग चाललोच आहोत की."

"त्याला या चिखलात जायचंय."

जांबाने डबक्याकडे नीट पाहिलं. "बरा दिसतोय," ती म्हणाली.

"पण आपण तिकडे जागा धरलीय ना."

"हो, ते आहेच म्हणा."

रेवतीने लोळूला पाठुंगळी टाकलं आणि दोघी चालू लागल्या. थोडं पुढे गेल्यावर जांबा म्हणाली, "माझी दोघं रात्री वेगवेगळ्या वेळी उठतात. मला वाटतं, ठरवून उठतात. एक निजला की तो दुसऱ्याला खूण करतो."

रेवतीला हे ऐकून इतकं बरं वाटलं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोल्हे सरांचं केंद्र करवंदीच्या कुंपणाआड होतं. मधोमध एक मोठा खळगा. त्यात चिखल. दारावर पाटी: 'चिखलात उतरण्यापूर्वी पाय स्वच्छ धुवावेत.'

बाकीच्या आया आधीच आल्या होत्या. कोल्हे सर शेपूट विंचरून उभे होते. "हा चिखल आम्ही गाळून घेतलेला आहे," ते म्हणाले. "कोमट ठेवलाय. वाळा घातलाय. आणि आत एकही किडा नाही, याची मी स्वतः खात्री देतो."

"एकही नाही?" जांबाने विचारलं. "माझी पोरं किड्यांसाठीच आली होती."

दारापाशी पाय धुवायची जागा होती. प्रत्येक आई आपल्या पिल्लाचे पाय धुऊ लागली. धुतलेलं पाणी कुंपणाखालून वाहत बाहेर गेलं, आणि तिथल्या मातीत मिसळलं. तिथे एक छान राड तयार झाली. त्यात गांडुळं होती. गोगलगायी होत्या. काय नव्हतं विचारा.

पिल्लांना ते आधी समजलं. पाय धुऊन झालं, की ती कुंपणाखालून सरपटत राडीत जायची. आया त्यांना ओढून आणायच्या आणि पुन्हा धुवायच्या. धुतलं की आणखी पाणी जायचं, आणि राड आणखी चांगली व्हायची.

शेवटी रेवतीने लोळूला उचललं आणि सरळ खळग्यात ठेवलं.

लोळूने वाळ्याचा वास घेतला. मग त्याने अशी किंकाळी फोडली, की कुंपणावरचे बगळे उडाले. तो पाय वर घेऊ लागला, पण एका वेळी चारही घेता येईनात. सगळ्या आया वळून पाहू लागल्या.

मृण्मयी जवळ आली. तिचा आवाज मधासारखा होता. "चिखलाला घाबरतो का गं हा? रानडुकराचं पिल्लू ना? नाही, मी आपलं काळजीने म्हणते. कुणाला तरी दाखवून घे एकदा. आमचा ईशान बघ कसा..." तिने ईशान दाखवायला मान वळवली. ईशान तिथे नव्हता. तो राडीत होता.

रेवतीचे कान तापले. कुठे चुकलं आपलं, असं तिला वाटलं. दगडावर वाढवला म्हणून असा झाला का? आजी असती तर काय म्हणाली असती?

"तो घाबरत नाही," ती म्हणाली. "त्याला कुणी दाखवलं नाही, एवढंच. थांब, लोळू. आई दाखवते."

"मातांना आत परवानगी नाही," कोल्हे सर पुढे झाले.

"एकच पाय ठेवते."

तिने एक पाय ठेवला. तो आत गेला. मग दुसरा ठेवावा लागला, कारण रानडुकरीण एका पायावर फार वेळ उभी राहू शकत नाही. मग चिखल तिच्या पोटाला लागला.

बाळांनो, रेवती किती दिवसांनी चिखलात उतरली होती, ते तिलाही आठवत नव्हतं. तिचे गुडघे आपोआप वाकले. ती कुशीवर झाली. मग पाठीवर. मानेतली ती एक शीर, जी लोळू झाल्यापासून आखडलेली होती, ती हळूच सुटली.

लोळूने आईकडे पाहिलं. मग तो तिच्या अंगावर चढून खळग्याबाहेर आला आणि कुंपणाखालून राडीत गेला. रेवतीने ते पाहिलं. उठलं पाहिजे, असं तिला वाटलं. ते वाटणं हळूहळू खाली बसलं.

"रेवती," काठावरून जांबाने विचारलं, "कसं आहे गं?"

"कोमट आहे," रेवती म्हणाली.

जांबाने पाठीवर हात फिरवून पाहिला. पिल्लं केव्हाच राडीत गेली होती. ती खळग्यात उतरली. चिखलाची मोठी लाट उठली आणि कोल्हे सरांच्या विंचरलेल्या शेपटीवर बसली. मग बाकीच्या आयाही उतरल्या. कुणी कुणाला विचारलं नाही.

मृण्मयी एकटी काठावर उभी राहिली. "हरणं चिखलात बसत नाहीत," ती म्हणाली. "आणि पोरांकडे कुणी बघायचं?"

"पोरं कोल्हे सरांकडे आहेत," रेवती डोळे मिटून म्हणाली. ती म्हणाली तेव्हा ते खरं नव्हतं. पण थोड्याच वेळात झालं.

मृण्मयीने कुंपणापलीकडे उड्या मारणाऱ्या ईशानकडे पाहिलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ईशान जन्मल्याबरोबर उभा राहिला. पण तेव्हापासून तो बसलाच नाही गं."

रेवतीने फक्त सरकून जागा केली. मृण्मयीने खळग्यात उतरून चारही पाय दुमडले, आणि सगळ्यांच्या आधी तीच घोरायला लागली.

कुंपणाबाहेर कोल्हे सर पिल्लांच्या मध्ये उभे होते. अस्वलांची जुळी त्यांच्या दोन कानांना लोंबकळत होती. ईशान त्यांच्यावरून इकडून तिकडे उड्या मारत होता. लोळू त्यांची शेपूट चावत होता.

"माताजी," सरांनी आत हाक मारली. कुणी उठलं नाही. त्यांनी पिल्लांना पेज भरवली. ती त्यांच्याच अंगावर सांडली. मग त्यांनी गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट संपली. पिल्लं म्हणाली, "पुन्हा." त्यांनी पुन्हा सांगितली. पिल्लं म्हणाली, "पुन्हा." सरांनी शेवट थोडा बदलून पाहिला. पिल्लं रडू लागली. त्यांना ती पहिल्यापासून सांगावी लागली.

उन्हं कलली तेव्हा आयांना जाग आली. त्या उठल्या, अंग झाडलं, एकमेकींकडे पाहून जरा लाजल्या. रेवती कुंपणाबाहेर आली. लोळू कानापर्यंत राडीने माखला होता. त्याच्या तोंडातून अर्धं गांडूळ बाहेर आलं होतं, आणि तो कोल्हे सरांच्या मांडीवर झोपला होता. सर हलत नव्हते. हललं तर तो उठेल, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

"उतरला का हो तो चिखलात?" रेवतीने हळूच विचारलं.

"तो सोडून सगळे उतरले," सर कुजबुजले.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीने गटाला कळवलं, की सहल अत्यंत यशस्वी झाली, मुलांच्यात फरक जाणवतोय, आणि मुलांसाठी म्हणून ही सहल आता दर रविवारी काढावी. एकाही आईने 'नको' म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी कोल्हे सरांनी पिल्लं सांभाळायला गावाहून आपल्या आईला बोलावून घेतलं. म्हातारी कोल्हीण आली. तिने पिल्लं पाहिली. मग खळग्याकडे पाहिलं. "जरा पाय बुडवून येते," ती म्हणाली.

सर बराच वेळ वाट पाहत होते. शेवटी ते काठापर्यंत जाऊन डोकावले. रेवती आणि मृण्मयीच्या मधोमध त्यांची आई गाढ झोपली होती. सहा पिल्लं एकटीने वाढवलेली बाई. त्यांनी तिला आजवर कधी झोपलेली पाहिली नव्हती.

ते पाय न वाजवता मागे फिरले आणि गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले.

तात्पर्य: मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी आईने दर आठवड्याला काहीतरी केलंच पाहिजे. चिखल कोमट असेल, तर ते डोळे मिटूनही करता येतं.